दस्तकाचा धर्म

समुद्रावर परक्याचे तारू अडवून त्यातील माल उतरवून घेणे हे कृत्य कोणत्या अटीवर राजाचे ठरते आणि कोणत्या अटीवर चाच्याचे, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा मानला जात असला, तरी मुळात तो धर्माचा आहे. महाराष्ट्रात तो मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या निमित्ताने वारंवार विचारला गेला, आणि त्याचे उत्तर शोधण्यास कोकणच्या किनाऱ्याइतकाच घाटमाथ्यावरील मावळ प्रांत उपयोगी पडतो. कारण ज्या तहाने आंग्र्यांच्या आरमारावर सातारच्या छत्रपतींची मोहोर उमटली, तो तह 1714 मध्ये लोणावळ्याच्या परिसरात झाला, आणि त्याच प्रांतात, घोरावाडीच्या डोंगरात, या प्रश्नाची फार जुनी मांडणी ज्या परंपरेने केली तिची लेणी आहेत.

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील घोरावाडी स्थानकाजवळची ही बौद्ध लेणी शेलारवाडीची लेणी म्हणूनही ओळखली जातात. पुढे त्यांतील एका लेण्यात शिवलिंगाची स्थापना होऊन घोराडेश्वर हे देवस्थान झाले. येथील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट या गावच्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने लेणे दान केल्याची नोंद आहे. अशा दानाला त्या लेखांच्या भाषेत ‘देयधम्म’ म्हणजे धर्मबुद्धीने दिलेली वस्तू असे म्हणतात. जे भिक्षू तेथे राहिले त्यांच्या धर्माच्या पंचशीलातील दुसरे शील ‘अदिन्नादान’ टाळण्याचे, म्हणजे न दिलेले न घेण्याचे, होते. या शीलाचा बारकावा असा, की त्यात चोरी, दरोडा, कर, खंडणी अशी वर्गवारी नाही. वस्तू धन्याने दिली की नाही, एवढीच कसोटी आहे. अशा कसोटीपुढे दरोडेखोर तर टिकत नाहीच, पण राजाही सहजी टिकत नाही.

ही अडचण बौद्ध परंपरेला ठाऊक होती. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात राज्याच्या उत्पत्तीची कथा येते: भाताची शेते वाटली गेल्यावर एकाने दुसऱ्याचा वाटा उचलला, तंटे वाढले, आणि तेव्हा लोकांनी आपल्यातील एकाला निवडून अपराध्यांना शासन करण्याचे काम त्याच्यावर सोपवले व त्याबद्दल आपल्या भातातील हिस्सा त्याला देण्याचे कबूल केले. बहुजनांनी मान्य केलेला म्हणून तो ‘महासम्मत’. म्हणजे राजाचा कर न दिलेल्याच्या कोटीतून सुटतो तो राजा बलाढ्य असतो म्हणून नव्हे. रक्षणाच्या मोबदल्यात तो दिलेला असतो म्हणून. रक्षण थांबले की तोच कर पुन्हा अदिन्नादान होतो, असे कथेत म्हटलेले नसले तरी तिचा तर्क तिकडेच जातो.

ही कसोटी आंग्र्यांच्या दस्तकाला लावून पाहिली पाहिजे. दस्तक म्हणजे समुद्रावर निर्वेध जाण्याचा परवाना. कान्होजींच्या हद्दीतून जाणाऱ्या व्यापारी तारवाने तो पैसे भरून घ्यावा, न घेतल्यास तारू धरले जाईल, अशी व्यवस्था होती. मुंबईकर इंग्रज हिला चाचेगिरी म्हणत, आणि 1737 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लेमंट डाउनिंग याच्या ग्रंथाच्या शीर्षकातच आंग्र्यांना चाचे म्हटले आहे. परंतु पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या आरंभापासून ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना देत व तो नसलेली जहाजे पकडत. इंग्रजही हिंदी व्यापाऱ्यांना आपले परवाने देत, आणि त्या परवान्याखाली चाललेला माल आंग्र्यांनी सोडावा की धरावा, यावरच बराचसा झगडा होता. परदेशी सत्तांनीही तेच केले, हा बचाव मराठी लेखनात नेहमी येतो. इंग्रजांची तक्रार खोडण्यास तो पुरेसा असला, तरी धर्माच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. दोघांनी केल्याने कृत्य निर्दोष होत नाही.

खरा प्रश्न निराळा आहे: दस्तक घेणाऱ्या व्यापाऱ्याला रक्षण कोणापासून मिळत होते? जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि किनाऱ्यावर वावरणारे इतर लुटारू यांच्यापासून मिळत असेल, तर तो दिलेला हिस्सा होय. दस्तक देणाऱ्याच्याच गलबतांपासून मिळत असेल, तर ती खंडणी होय. वस्तुस्थितीत दोन्ही मिसळलेले होते. आंग्र्यांच्या कुलाब्याच्या आश्रयाने राहणाऱ्या कोळ्याच्या, भंडाऱ्याच्या वा सावकाराच्या दृष्टीने आंग्रे हे रक्षणकर्ते होते, आणि मलबारातून सुरतेकडे जाणाऱ्या, ज्याने रक्षण मागितलेच नव्हते अशा तांडेलाच्या दृष्टीने ते तसे नव्हते. एकच पत्र एकाच्या हातात करार असते आणि दुसऱ्याच्या हातात धमकी.

लोणावळ्याच्या तहाने यात काय बदलले? छत्रपतींच्या गादीच्या वादात कान्होजी तेव्हा ताराबाईंच्या पक्षाचे होते. त्यांनी सातारच्या शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद करून लोहगड घेतला होता. 1713 च्या नोव्हेंबरात पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथांनी युद्धाऐवजी बोलणे केले. कान्होजींचे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे मुख्याधिकार, कायम झाले, पिंगळे सुटले, आणि राजमाची आंग्र्यांकडे राहिली. राजकारण म्हणून हा तह उत्कृष्ट होता. परंतु त्याच्या आदल्या दिवशीची गलबते, तेच खलाशी, तोच दर आणि तीच तोफ दुसऱ्या दिवशीही होती. सनदेने कृत्याचे स्वरूप पालटते असे मानले, तर अधर्म धुण्याचे सामर्थ्य मुद्रेत आहे असे मानावे लागेल, आणि तसे धर्मशास्त्रातही कोणी मानलेले नाही.

उलट महाभारताच्या शांतिपर्वातील आपद्धर्म प्रकरणात, म्हणजे संकटकाळच्या आचाराची चर्चा जेथे येते तेथे, भीष्म युधिष्ठिराला कायव्याची कथा सांगतात. क्षत्रिय पिता व निषाद माता यांचा हा पुत्र दस्यूंचा, म्हणजे लुटारूंचा, नायक होतो आणि त्यांना नियम घालून देतो: स्त्रीला, भ्यालेल्याला, बालकाला, तपस्व्याला, न लढणाऱ्याला मारू नये, स्त्रीला बळाने धरू नये. त्याच प्रकरणात सर्वस्व हरण न करता काही शेष ठेवण्याचाही उपदेश आहे. कायव्याला कोणीही सनद देत नाही, तरी त्याला सिद्धी मिळते. म्हणजे येथे प्रतिष्ठा पदाला नाही, मर्यादेला आहे.

या मापाने कान्होजींचे मोजमाप सरसकट होत नाही. दस्तक दाखवणाऱ्याला सोडणे ही मर्यादाच होती. परंतु 1712 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज पकडताना कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला, त्याची तरुण विधवा कुलाब्यास अडकवून ठेवली गेली आणि पुढच्या वर्षी तीस हजार रुपये घेऊन सोडली गेली, हा प्रसंग कायव्याच्या नियमात बसत नाही. आरमाराचे चरित्रकार त्यावरून घाईने पुढे जातात, ते योग्य नव्हे.

कान्होजींच्याच काळात, 1728 मध्ये, कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात मादागास्करवरील ‘लिबर्टालिया’ या समतावादी चाचे-राज्याचे वर्णन आले. असे राज्य अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही. कल्पनेतल्या चाच्यांना न्यायी करणे सोपे जाते, कारण त्यांनी लुटलेले व्यापारीही कल्पनेतलेच असतात.

कान्होजी 1729 मध्ये वारले. पुढे त्यांचे पुत्र तुळाजी यांच्याविरुद्ध बाळाजी विश्वनाथांचे नातू नानासाहेब पेशवे यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनानी वॉटसन व क्लाइव्ह यांनी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. ज्या घराण्याने मान्यता मिळवून दिली, त्याच घराण्याने ती काढून घेतली. तुळाजी कैदेत मेले. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज हाती लागला. चाच्यांचे निर्मूलन म्हणून गाजवलेल्या या मोहिमेतील लुटीचे वाटे इंग्रज आरमार व फौजेच्या अधिकाऱ्यांनी मुंबई सोडण्यापूर्वीच आपापसांत ठरवून ठेवले होते.