मुक्या प्राण्याचे छायाचित्र

मुक्या प्राण्याकडे तासभर निरखून पाहणे हा वेळेचा अपव्यय आहे काय? आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने नवा कॅमेरा घेतला आणि शिकण्यासाठी पहिला विषय निवडला तो घरचा काळा कुत्रा. पाऊस सरला होता, हवा धुऊन निघाली होती, भात कापणीला आले होते. शरदातील सकाळचे तिरपे ऊन नवशिक्यावर फार उदार असते. दुपार झाली की तेच निष्ठुर होते. घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप मात्र गंभीर होता : माणसे सोडून कुत्र्यावर एवढा जीव कशाला?

हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१६ ते २४१८) प्राणी आपल्या नुसत्या असण्याने देवाचा गौरव करतात, असे म्हटले आहे. त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला विरोधी आहे. प्राण्यांवर प्रेम करता येते. परंतु जी माया केवळ माणसाला देय आहे, ती त्यांच्याकडे वळवू नये, हेही तेथेच सांगितले आहे.

मला येथे माया आणि अवधान यांत भेद करावासा वाटतो. अवधान ही पैशासारखी मोजकी वस्तू नव्हे, की एकाला दिली म्हणजे दुसऱ्याची कमी झाली. ती सवय आहे आणि सवय कोठे तरी लावून घ्यावी लागते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. म्हणून काळा कुत्रा चित्रात राखाडी उतरतो आणि पांढरा मळकट दिसतो. यंत्र सरासरी जाणते. हा कुत्रा काळा आहे हे माणसाला पाहावे लागते आणि प्रकाश हाताने कमी करावा लागतो. तसेच उंचीचे. उभ्याने काढलेल्या चित्रात फक्त पाठ आणि वर वळलेली मान येते. गुडघे टेकून, वेळी पोटावर पडून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरावे लागते. (मिस्सेत गुडघे टेकायला कुरकुरणारी मंडळी शेतात बिनतक्रार लोळतात, हे आम्हा धर्मगुरूंना नवल वाटते.) धावत्या कुत्र्यासाठी सेकंदाचा १/५०० भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो, त्या क्षणासाठी वाट मात्र अर्धा तास पाहावी लागते.

खरा नैतिक प्रश्न पुढेच आहे. कुत्र्याला ‘नको’ म्हणता येत नाही. म्हणता येत नाही, असे आपण समजतो. तो मान फिरवतो, कान मागे पाडतो, झोप नसता जांभई देतो, ओठ चाटतो. ही अस्वस्थतेची चिन्हे आहेत. चित्र हवे म्हणून बिस्किटाच्या लालचीने त्याला पुनःपुन्हा उन्हात बसवणारा माणूस क्रूर नसेल, पण तो समोरच्याला वापरतो आहे. ज्याच्यापाशी शब्द नाहीत, त्याचा नकार वाचणे आपल्यावर बंधनकारक आहे काय? मला वाटते, आहे. अर्धांगाने वाचा गेलेल्या आजोबांचा आणि पाळण्यातील बाळाचा नकारही असाच असतो; आणि समारंभात कॅमेरे त्यांच्याच तोंडाशी सर्वांत आधी जातात.

तोबितच्या ग्रंथात तोबिया आणि देवदूताबरोबर एक कुत्रा वाटेला लागतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा दिसतो. त्याला नाव नाही, काम नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हेरोकिओच्या चित्रशाळेतील, सुमारे १४७०–७५ मधील ‘तोबिया आणि देवदूत’ हे चित्र आहे. त्यातील पांढरा केसाळ कुत्रा तरुण लिओनार्दोने रंगवला असावा, असे काही अभ्यासक मानतात. आज त्याचा रंग इतका विरळ झाला आहे की, अंगातून मागची भूमी दिसते. कथेला ज्याची गरज नाही, अशा जिवाचा केस न् केस कोणी तरी बसून रंगवला होता.

पैशाचा मुद्दा उरतो. माणसांचे दुःख निवारण्यास हवे असलेले धन प्राण्यांवर उधळू नये, हे त्याच २४१८ व्या परिच्छेदात आहे. हाती असलेल्या कॅमेऱ्याने कुत्रा टिपण्यास काही पडत नाही. दुसऱ्या, महागड्या भिंगाची गोष्ट वेगळी. त्या तरुणाने ते अद्याप घेतलेले नाही, आणि घ्यावे की नाही हे त्याच्या घरच्यांनी मला विचारलेले नाही.