गाठ आणि तेरावा अध्याय

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात. जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि रोग यांतले दुःख पुन्हा पुन्हा पाहणे हे त्यांतले एक. मग जबड्याखालची वाटाण्याएवढी गाठ मी दिवसभर चाचपतो, ते ज्ञान का नाही?

वय 23, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर मुक्काम, स्पर्धा परीक्षेची तयारी. पावसाळ्यात घसा सुजला, बरा झाला, गाठ राहिली. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासले. गाठ मऊ, हलणारी, एका सेंटीमीटरहून लहान. ताप नाही, रात्री घाम नाही, वजन घटलेले नाही. वाढली किंवा कडक झाली तर सुईने नमुना घेऊ, टीबीही तपासू, म्हणाले. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी; शरीरात अशा सुमारे 600 ग्रंथी असतात. संसर्ग ओसरल्यावरही एखादी कित्येक महिने हाताला लागते. हा दिलासा मला रात्रीपर्यंत पुरतो.

माळकरी आजी म्हणते, "देह जायचाच आहे रे, बाळा." ती सगळ्यांच्या देहाबद्दल बोलते, स्वतःच्याही. माझे बोट मात्र एकच विचारते: मी यातून सुटलो ना? गीतेतले पाहणे 'माझे'पणाची पकड सैल करते. माझे चाचपणे ती आवळते.

पुढच्या तपासणीला मी जाणार आहे, कारण देहाची निगा राखणे कर्तव्यच आहे. पण उद्याची हमी कुठलाच रिपोर्ट देत नाही, विठ्ठलही देत नाही. हमीशिवाय पुस्तक उघडता येणे, एवढीच श्रद्धा मला सध्या पुरेशी वाटते.