नेत्रिका कोणाच्या डोळ्यासाठी?

शिरूरजवळच्या जुन्नर तालुक्यात, खोडद परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी पसरलेल्या आहेत. तिकडेच गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची २ मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे. तिथल्या रोजच्या संशोधनात कोणी दुर्बिणीला डोळा लावत नाही. आलेला संदेश, आलेला प्रकाश उपकरणंच टिपतात. माणसाचा डोळा आणि ग्रहताऱ्यांचा प्रकाश यांची थेट भेट होते ती गावातल्या शाळेच्या मैदानावर, सहा इंची साध्या दुर्बिणीपाशी. शिरूर आणि दौंडच्या गावांतून आकाशदर्शनाला उभं राहता राहता माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. दुर्बिणीइतकाच विचार नेत्रिकेचा, म्हणजे जिला डोळा लावतो त्या भिंगाच्या नळीचा, करावा, आणि तो करताना रांगेतला सर्वांत अडचणीतला डोळा समोर ठेवावा.

सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर आरशाच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर बहुधा १२०० मिलिमीटर असतं. त्याला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागलं की वर्धन मिळतं. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने ४८ पट, १० च्या नेत्रिकेने १२० पट, ६ च्या नेत्रिकेने २०० पट. खरेदी करताना नजर साहजिकच २०० या आकड्याकडे जाते. पण नेत्रिकेच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं, हे अंतर त्या आकड्यात कुठेच नसतं. आकाशनिरीक्षक त्याला आय रिलीफ म्हणतात. प्लॉसल ही नेत्रिका व्हिएन्नाच्या गेओर्ग सिमोन प्लॉसल यांनी १८६० मध्ये घडवली आणि आजही शाळांच्या दुर्बिणींवर तीच जास्त दिसते. तिच्यात हे अंतर नाभीय अंतराच्या साधारण ७० टक्के असतं. म्हणजे २५ च्या प्लॉसलला सतरा-अठरा मिलिमीटर आणि ६ च्या प्लॉसलला जेमतेम चार. चष्मा लावून पाहणाऱ्याला पंधरा ते वीस मिलिमीटर लागतात.

चार मिलिमीटरमध्ये काय होतं ते मैदानावर दिसतं. वयस्क बाई वाकून डोळा लावतात, पापणी काचेला टेकते, त्या दचकून मागे होतात आणि दृश्यावर काळी सावली धावते. मग त्या "दिसलं, दिसलं" म्हणतात आणि बाजूला होतात. ते बोलणं बहुतेक वेळा आपलं मन राखण्यासाठी असतं. "शनीची कडी आडवी होती का तिरपी?" असं विचारलं की खरं कळतं. ज्यांना नीट दिसलेलं असतं त्या हाताने दाखवतात. ज्यांना नसतं त्या हसून गप्प राहतात. गावाने इतक्या आपुलकीने बोलावलेलं असताना त्यांना असं रिकाम्या डोळ्यांनी परत पाठवणं मला पटत नाही.

चष्म्याचा नंबर फक्त जवळचा किंवा लांबचा असेल तर चष्मा काढून फोकस पुन्हा जुळवला की भागतं. फोकसची फिरकी पाहणाऱ्याच्याच हाती द्यावी. सिलिंड्रिकल नंबर असेल तर कमी वर्धनाला चष्मा ठेवलेला बरा. नेत्रिकेतून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका किती जाड आहे यावर ते ठरतं. आरशाच्या व्यासाला वर्धनाने भागलं की ही जाडी मिळते. ४८ पटींना ती सुमारे तीन मिलिमीटर असते आणि एवढ्या जाड शलाकेत डोळ्याचा दोष उमटतो. २०० पटींना ती पाऊण मिलिमीटरवर येते. तो दोष झाकला जातो, पण दृश्य मंद होतं आणि डोळ्यात तरंगणारे ठिपके, धागे दिसू लागतात.

दुसरी बाब वेळेची. आपल्या साध्या डॉब्सोनियन दुर्बिणीला मोटर नसते आणि पृथ्वी फिरत असते. प्लॉसलमधून ४८ पटींना शनी दृश्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ घेतो, १२० पटींना दोन मिनिटांच्या आत जातो, २०० पटींना मिनिटभरात. लहान मूल स्टुलावर चढून डोळा जुळवेपर्यंत तेवढा वेळ सरतो. त्यातच घोड आणि भीमेकाठच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने कार्यक्रम शाळेच्या आवारात आणि लवकर आटोपावा लागतो. प्रत्येकाला मिळणारी दोन-तीन मिनिटं शनी शोधण्यात जाऊ नयेत.

म्हणून माझ्या पेटीत २५ किंवा ३२ ची प्लॉसल पहिली. ३२ ची असेल तर कृत्तिकांचे ठळक तारे एका दृश्यात मावतात. ग्रहांसाठी २० ची नेत्रिका आणि वर्धन दुप्पट करणारं बार्लो भिंग. वर्धन १० च्या नेत्रिकेचं मिळतं, पण डोळा २० च्या नेत्रिकेइतकाच लांब आणि सुखात राहतो. ऐपत असेल तर लांब आय रिलीफची १० किंवा १२ ची नेत्रिका घ्यावी. ६ ची प्लॉसल हवा स्थिर असलेल्या आणि माणसं मोजकी असलेल्या रात्रीसाठी. सोबत उंची बदलता येणारं बसायचं आसन हवंच, कारण लक्ष्य डोक्यावर असलं की या दुर्बिणीची नेत्रिका उंच जाते आणि नरतुरंगातल्या ओमेगा तारकागुच्छासारखं लक्ष्य दक्षिणेला खाली असलं की तीही खाली येते. मान अवघडली की डोळाही थकतो.

हा आराम चैनीचा नाही. गुरू पहिल्या नजरेत नुसती पांढरी चकती असतो. डोळा निवांत टेकला तर दुसऱ्या मिनिटाला तिच्यावरचे दोन पट्टे वेगळे होतात. पाहणं असं थांबून थांबून शिकावं लागतं. तेव्हा एखादी शाळा वर्गणी काढून मोठ्या आरशाचा विचार करत असेल, तर माझं आग्रहाचं सांगणं आहे: आहे तीच दुर्बीण ठेवा, एक चांगली नेत्रिका आणि एक आसन घ्या, आणि ती निवडताना गावातल्या एखाद्या चष्मेवाल्या आजीला पहिल्यांदा बसवून पाहा. त्यांना सुखाने दिसलं, तर रांगेतल्या जवळजवळ सगळ्यांनाच दिसेल.