कलेचा उत्साह आणि प्रपंचाचे कर्तव्य

काव्य, गायन, चित्र यांपैकी एखाद्या कलेचे बीज ज्याच्या ठिकाणी आहे आणि त्याच वेळी घरादाराचा भारही ज्याला वाहावा लागतो, अशा मनुष्याची स्थिती मोठी अवघड असते. सकाळी कचेरीची घाई, सायंकाळी मुलांचा अभ्यास, मधल्या वेळी वृद्ध आईबापांचे औषधपाणी. आणि या सर्वांतून रात्री जी घटकाभर सवड उरते तीत कोपऱ्यातला तंबोरा दिसत असतो, पण हात त्याच्याकडे जात नाही. शरीर थकलेले असते हे खरे. परंतु नुसते शरीरच थकले असते, तर रात्रीची झोप झाल्यावर पहाटे हात गेला असता. थकलेले असते ते मन. काही वर्षे असे चालले, की तो स्वतःशी म्हणू लागतो : "संसारात पडलो नसतो, तर आपण काहीतरी करून दाखविले असते." हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे, पण त्याने घर हे कलेचे वैरी ठरते आणि कला ही घराविषयीच्या कुरकुरीचे निमित्त होते. दोन्हीकडचा आनंद एकदमच नासतो.

गीतेत कलेची चर्चा नाही. परंतु कर्म करणाऱ्या मनुष्याची जी चिकित्सा अठराव्या अध्यायाच्या सव्वीस ते अठ्ठावीस या तीन श्लोकांत आली आहे, ती कलावंताला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला पडत असेल. तेथे कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तामस कर्त्याच्या लक्षणांत 'विषादी' आणि 'दीर्घसूत्री' हे दोन शब्द शेजारी शेजारी आले आहेत. दीर्घसूत्री म्हणजे कामाचा दोरा लांबवीत नेणारा, आज व्हावयाचे ते महिन्यावर टाकणारा. "मुलीचे लग्न होऊ दे, घराचे कर्ज फिटू दे, निवृत्तिवेतन सुरू होऊ दे, मग नीट बैठक घालतो," असे म्हणणारा कलावंत आपल्याला प्रत्येक गल्लीत भेटतो, आणि तो नेमका खिन्नही असतो. आपण समजतो, की तो खिन्न आहे म्हणून काम लांबणीवर टाकतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे : काम लांबणीवर टाकत गेल्याने तो खिन्न झालेला असतो.

राजस कर्त्याचे चित्र अधिक फसवे आहे, कारण त्याच्यात जोम भरपूर असतो. पण तो जोम फळाच्या आशेवर जगतो, आणि म्हणून हर्ष आणि शोक यांच्या हिंदोळ्यावर असतो. एखाद्या मासिकात कविता छापून आली, की पुढचा महिनाभर लेखणी थांबत नाही; दुसरी साभार परत आली, की वही ट्रंकेच्या तळाशी जाते. या जोमाला आपण 'प्रेरणा' असे भारदस्त नाव देतो. वस्तुतः ते उसने आणलेले धन असते आणि सावकार ते केव्हाही परत मागतो.

आता सात्त्विक कर्ता पाहा. तो आसक्तीतून सुटलेला, 'मी, मी' न करणारा, यश आणि अपयश यांनी न बदलणारा असा वर्णिलेला आहे. आणि त्याच श्लोकात तो धृती व उत्साह यांनी युक्त आहे, असेही म्हटले आहे. फळाची आशा सोडली म्हणजे उत्साह मावळतो, ही आपली नेहमीची समजूत. गीतेने मात्र उत्साह बसविला तो अनासक्त मनुष्याच्याच पदरात. शिवाय तेथे उत्साह एकटा आलेला नाही. त्याच्या आधी धृती आली आहे. धृती म्हणजे धरून ठेवण्याची शक्ती. उत्साह हा येणारा-जाणारा आहे, तो कोणाच्याच घरी बारमास राहत नाही. तो नसतानाही जे काम हातचे सुटत नाही ते धृतीच्या बळावर. ज्याला रोजच्या प्रपंचात कला टिकवावयाची आहे, त्याने प्रेरणेची वाट पाहण्यापेक्षा या धृतीची चिंता करावी, असे मला वाटते.

याचे एक उदाहरण गीतेच्याच इतिहासात आहे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने आणि थोड्या महिन्यांत. एवढेच ऐकले म्हणजे मनुष्य म्हणतो, "एकांत मिळाला म्हणून ग्रंथ झाला." पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत लोकमान्यांनी सांगितलेली हकीकत निराळी आहे. १८७२ साली त्यांचे वडील शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले असता त्यांना गीतेवरील 'भाषाविवृति' नावाची प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम या सोळा वर्षांच्या मुलाकडे आले. तेव्हा गीतेचे जे आकर्षण लागले ते पुढे सुटले नाही. मध्ये जवळजवळ अडतीस वर्षे गेली. ती शिक्षणाची, अध्यापनाची, वृत्तपत्राची, सभांची आणि खटल्यांची वर्षे होती. त्या धामधुमीत प्रश्न मनात धरलेला राहिला, म्हणून सक्तीचा एकांत लाभताच ग्रंथ उतरला. त्या काळात तुरुंगाचा एकांत पुष्कळांच्या वाट्याला आला. सर्वांच्या हातून 'रहस्य' लिहिले गेले नाही. आणि बीज पडले ते कोठे? रुग्णाच्या उशाशी, एका पुत्रकर्तव्यात. ज्या घटकेला आपण 'कलेपासून हिरावलेली' म्हणतो तीत काय पेरले जात आहे, हे आपल्याला त्या वेळी कळत नसते.

दुसरी एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. गीता ज्याला सांगितली तो अर्जुन नुसता धनुर्धर नव्हता. अस्त्रांसाठी स्वर्गात गेला असता त्याने चित्रसेन गंधर्वाजवळ गायन, वादन आणि नृत्य यांचे शिक्षण घेतले होते, आणि युद्धापूर्वीच्या अज्ञातवासाच्या वर्षी बृहन्नडेच्या रूपाने विराटाच्या राजकन्येला, उत्तरेला, तो तेच शिकवीत होता. युद्धाची ज्याला इतकी निकड, त्याने नृत्य कशाला शिकावे, असे त्या काळीही कोणी म्हटले असेल. गांडीव शमीवृक्षावर बांधून ठेवलेले असताना त्या विद्येनेच त्याचे वर्ष निभावले. आणि ते वर्ष त्याने तोंड वाकडे करून काढले, असे महाभारत म्हणत नाही.

येथे एक खरा नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. मूल तापाने फणफणत असता बाप रियाजाला बसला, तर त्याला आपण काय म्हणावे? आणि उलट, घरच्यांनी कधीच 'हो' म्हटले नाही म्हणून ज्याने आपली विद्या मरू दिली, त्याला पुण्यवान म्हणावे काय? पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे : तेथे रियाज थांबतो. कष्टाचे वाटते म्हणून कर्तव्य टाकणे हा त्याग राजस होय, त्याचे फळ मिळत नाही, हे अठराव्याच अध्यायात आहे. मग त्या टाकण्याला कलेचे नाव दिले म्हणून ते पवित्र होत नाही. पण थांबणे वेगळे आणि सोडणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना तिसऱ्या अध्यायातील यज्ञाचा विचार उपयोगी पडतो. जो केवळ स्वतःपुरते शिजवितो तो पापच खातो, असे तेथे म्हटले आहे. जी कला केवळ स्वतःच्या मिरवण्यासाठी शिजते, तिच्यासाठी घरचा एक तासही घेणे ही चोरी. पण जी चारचौघांच्या ताटात पडावयाची आहे, तिला तो तास न देणे हीही चोरीच. आपला तास कोणत्या जातीचा आहे, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे पाहावे. शेजाऱ्याला ते दिसत नाही.

वेळ किती, हा प्रश्न मात्र लोक फुगवितात. सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागरण यांचे माप सांभाळणाऱ्यालाच योग साधतो, असे आहे. रात्र रात्र जागून दुसऱ्या दिवशी घरावर चिडणारी साधना त्यात बसत नाही. पहाटेचा अर्धा तास, पण रोजचा. यापेक्षा अधिक काय सांगावे?

आपल्याकडे या विषयावर बोलताना स्त्रियांची उदाहरणे फार सहजपणे दिली जातात, आणि त्यात थोडा अप्रामाणिकपणा असतो. बंगालमधील राससुंदरी देवींनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात स्वयंपाकघरात लपून अक्षरे ओळखली. 'चैतन्यभागवता'चे एक पान आणि मुलाच्या अक्षरांचे एक ताडपत्र जवळ ठेवून, चुलीवरचे पाहता पाहता त्या एकेक अक्षर जुळवीत. घरकाम प्रचंड, मुलेबाळे पुष्कळ, आणि स्त्रीने वाचणे हे तेव्हा लज्जास्पद. पुढे त्यांनी लिहिलेले 'आमार जीवन' हे बंगालीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. त्यांची धृती वंदनीय आहे, यात शंका नाही. पण "पाहा, चुलीपाशीही विद्या होते," असे म्हणून जो पुरुष आरामखुर्चीत मागे रेलतो, त्याने गीता वाचली असे मी म्हणणार नाही. चुलीपाशी विद्या झाली ती चुलीमुळे नव्हे. तेथे जे लपवावे लागले त्याचे उत्तरदायित्व घरावर होते. स्वतःच्या कलेला वेळ मागणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने, आपल्या घरात आणखी कोणी असाच एखादा तास मनातल्या मनात मागत आहे काय, हे आधी विचारावे.

खानदेशातील बहिणाबाई चौधरींच्या घरी निदान ऐकणारे कान होते. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले; शेती, मुले, दळण-कांडण सारे अंगावर. जात्यावर आणि शेतात त्यांच्या ओव्या आपोआप निघत आणि वाऱ्यावर जात. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक आप्त यांनी त्यांपैकी काही टिपून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. त्यांनी ते पाहिले नाही. ज्या ओव्या टिपायला त्या क्षणी कोणी जवळ नव्हते, त्या किती होत्या हे कोणालाच ठाऊक नाही. पण त्या म्हणताना बाईंचा सूर काही कमी लागला नसेल.