सुताराचे घर

दिवसभर राबूनही देणे फिटत नाही, म्हणून पुष्कळ बाप मनांत खचतात हे आम्हांस ठाऊक आहे. अशा वेळी आपण योसेफाकडे पाहू. बाळ येशूला यरुशलेमेस नेले तेव्हा, ज्यांना कोकरू देण्याची ऐपत नाही त्यांच्यासाठी नेमलेले पक्ष्यांचे अर्पणच त्या घराने केले (लूक २:२४, लेवीय १२:८). योसेफाच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानांत नाही. तरी त्याच्या कष्टाच्या भाकरीवर आपला तारणारा वाढला व सुताराचा पुत्र म्हणविला गेला (मत्तय १३:५५). मग तुमचा घाम देव तुच्छ लेखील काय? आज रात्री लेकरांस जवळ घेऊन प्रार्थना करा, व उद्याचा भार त्याजवर टाकून स्वस्थ निजा.