अंगठा आणि एरंडेल

एरंडोलच्या माणसाला परगावी आपलं गाव सांगताना एक शिक्षा ठरलेली असते. ‘एरंडोल’ म्हटलं, की समोरचा गृहस्थ आधी स्वतःच्या पोटावरून हात फिरवतो आणि मग डोळे मिचकावून विचारतो, “म्हणजे एरंडेलाचं गाव का हो?” मी 34 वर्षं मास्तरकी केली. त्यात शिबिरं झाली, अधिवेशनं झाली, पेपर तपासण्याच्या निमित्ताने बारा गावचं पाणी प्यालो; पण प्रत्येक गावच्या पाण्याबरोबर हा विनोदही गिळावा लागला. त्यामुळे यंदाच्या दिवाळीत मुंबईची माझी भाची पायऱ्या चढता चढता म्हणाली, “मामा, तुमच्या एरंडेलावाचून आमचं पान हलत नाही,” तेव्हा मी सवयीने कपाळाला आठ्या घातल्या.

पण ती थट्टा करत नव्हती. भाची मल्लखांब खेळते. लाकडी खांबाला म्हणे एरंडेल चोळतात. “अंग घसरलं पाहिजे मामा, पण सुटता कामा नये. तेवढं काम तेल करतं.” आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी एरंडेलाविषयी आदराने बोलत होतं. मी लगेच तिला फराळाचं ताट वाढायला सांगितलं.

भाचीचा खरा हातखंडा दोरीच्या मल्लखांबात. दोरीला गाठ नाही, कडी नाही. ती धरायची पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमट्यात, आणि त्या भरवशावर वर जाऊन हवेत पद्मासन घालायचं. मला जमिनीवर मांडी घातली तर उठताना भिंत लागते. मुलीने राष्ट्रीय स्पर्धांत पदकं मिळवली आहेत. वय 21. म्हणजे आमच्या हिशेबाने आयुष्य सुरू व्हायचं, आणि तिच्या खेळाच्या हिशेबाने अर्धंअधिक संपलेलं. अंग वाकवण्याच्या खेळांचं असंच असतं. 1998 साली जपानमधल्या नागानो ऑलिंपिकमध्ये तारा लिपिन्स्की या अमेरिकन मुलीने बर्फावरच्या स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकलं ते वयाच्या 15 व्या वर्षी. आता शिखर जर 15 व्या वर्षी गाठलं, तर पुढची 60 वर्षं माणसाने करायचं काय? खाली उतरत बसायचं?

हाच प्रश्न घेऊन भाची आली होती. “मामा, मी कोचिंग करायचं म्हणतेय. तुम्हाला काय वाटतं?”

आमच्याकडे ‘कोचिंग’ या शब्दाचा अर्थ एकच. शेजारचे वकीलसाहेब तिथेच चिवडा खात बसले होते. त्यांनी आपुलकीने विचारलं, “कोणता विषय? गणित की सायन्स?”

“दोरी,” भाची म्हणाली.

वकीलसाहेबांचा घास घशातच राहिला.

त्याच दिवशी बहिणीचा फोन आला. “दादा, तुझं ती ऐकते. समजाव तिला. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के जागा राखीव आहेत, तो फॉर्म भर म्हणावं. शिकवण्यात काय ठेवलंय?” हे वाक्य तिने 34 वर्षं शिकवलेल्या माणसाला ऐकवलं, आणि वर “तुझं आपलं वेगळं होतं” अशी फुंकरही घातली. मेव्हण्यांचं म्हणणं त्याहून सरळ. ज्याला जमतं तो खेळतो, ज्याचं संपलं तो शिकवतो. म्हणजे शिकवणं ही खेळाची पेन्शन!

हा वाद एरंडोलात निघाला हे बरं झालं. कारण आमचं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, अशी इथल्या प्रत्येकाची खात्री आहे. गावात पांडववाडा आहे, जवळच पद्मालयाच्या रानात भीमकुंड आहे, आणि बकासुराला भीमाने तिथेच संपवला हे आम्ही काल घडल्यासारखं सांगतो. तेव्हा पांडव आमच्या घरातलेच. आणि शिकवण्याचा प्रश्न त्या घराने जेवढा भोगला तेवढा कोणीच भोगला नसेल.

“अर्जुनाने कोचिंग केलंय,” वकीलसाहेब घास गिळून म्हणाले. “विराटाच्या घरी वर्षभर. उत्तरेला नाच शिकवला. पण पुढे कुठे त्याचा उल्लेख करतो का? नाही. अज्ञातवास संपला, की उचललं धनुष्य!”

“आणि बलराम?” मी म्हणालो. “त्याने भीमालाही गदा शिकवली आणि दुर्योधनालाही. शेवटी दोघं एकमेकांवर धावले तेव्हा याने कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या?”

“अभिमन्यूचं म्हणाल तर तो अर्धा कोर्स झालेला विद्यार्थी. आत शिरायचं शिकवलं, बाहेर पडायचं राहिलं.”

“आणि द्रोणाचार्य?” भाचीने विचारलं.

आम्ही दोघेही गप्प झालो. मी उगाचच करंजीचं सारण पाहू लागलो.

2021 साली मल्लखांबाला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मुंबईच्या हिमानी परबला. आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या यादीत उज्जैनच्या योगेश मालवीय यांना मल्लखांबाच्या प्रशिक्षणासाठी द्रोणाचार्य पुरस्कार होता. भाचीला या याद्या तोंडपाठ. आनंदाचीच गोष्ट. पण खेळणाऱ्याचा पुरस्कार अर्जुनाच्या नावाने आणि शिकवणाऱ्याचा द्रोणाच्या नावाने, हे ठरवताना कोणाला एकलव्याची आठवण झाली नसेल का, असं मला राहून राहून वाटतं. आपल्या जुन्या लोकांनी एक फार अवघड गोष्ट सांगून ठेवली आहे. माणसाने सगळीकडे जिंकायची इच्छा धरावी, पण शिष्याकडून मात्र हरण्याची. द्रोण इतका मोठा धनुर्धर, पण न शिकवता शिकलेल्या पोराकडून हरणं त्याला जमलं नाही. त्याने अंगठा मागितला.

मेव्हण्यांच्या मताला उत्तरं पुष्कळ आहेत. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, 1963-64 च्या हंगामात, मोइनुद्दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून. एक सामना! आणि शिवाजी पार्कावर त्यांनी शिकवलेल्या पोरांची नावं घ्यायला लागलं तर चहा गार होतो. त्यांतला एक सचिन तेंडुलकर. यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. सचिन शेवटपर्यंत बाद झाला नाही तर नाणं त्याचं. अशी 13 नाणी त्याने जपून ठेवली आहेत. आणि 2013 साली वानखेडेवर निरोप घेताना तो म्हणाला, की 29 वर्षांत सर कधी ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. त्याच सरांचा दुसरा शिष्य चंद्रकांत पंडित. 1999 साली मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून रणजीचा अंतिम सामना बंगळुरूला हरला. आणि 2022 मध्ये त्याच मैदानावर, त्याच संघाचा प्रशिक्षक होऊन, तो चषक जिंकला. समोर होती त्याची स्वतःची मुंबई! याला पेन्शन म्हणायचं असेल तर तिची थकबाकी फारच मोठी निघाली म्हणायची.

आणि मल्लखांबातच पाहायचं तर दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरातले उदय देशपांडे. हिमानी परब तिथलीच. देशपांड्यांनी अंध मुलांना दोरीवर चढवलं, परदेशी लोकांना चढवलं, आणि 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा शिकवण्यात काय ठेवलंय, हा प्रश्नच नाही. प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला दुसऱ्या दिवशी परसातल्या कडुनिंबाखाली दिसला.

झालं असं, की भाचीने पिशवीतून दोरी काढून निंबाच्या फांदीला टांगली आणि खाली आमच्या हिने दिवाळीला नवा कापूस भरून घेतलेली गादी अंथरली. (तेव्हापासून ही माझ्याशी मोजकंच बोलते.) पाच मिनिटांत गल्लीतली झाडून सगळी पोरं हजर. एक आठ-नऊ वर्षांची चिमुरडी तर दोरीलाच लोंबकळली. “ताई, माले बी चढनं शे!”

भाची शिकवू लागली. “हे बघ, असं धर.”

“कसं?”

“असं!”

“म्हंजे कसं?”

राष्ट्रीय पदकवाली मुलगी गोंधळली. जे पायाला पाठ होतं ते तोंडाला येत नव्हतं. मल्लखांबाचा उगम सांगतात तोही असाच आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसले आणि तिथे झाडावरच्या वानराच्या उड्या पाहून ही विद्या शिकले, अशी कथा आहे. म्हणजे मल्लखांबाचा पहिला कोच वानर. त्याने एकही शब्द समजावून सांगितला नाही. पण सगळेच शिष्य काही बाळंभटदादा नसतात. भाची तीनदा दोरीवर चढली, उतरली, आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे नवलाने पाहत राहिली. आपण हे कधी शिकलो, हेच ती विसरली होती. मग तिने त्या पोरीचा पाय हातात घेतला आणि एकेक बोट मोजत सांगायला लागली.

पोरगी चढली. आणि वर जाऊन तिने पाय सांगितल्यापेक्षा निराळाच वळवला. मला त्यातलं काही कळत नाही. पण भाचीच्या चेहऱ्यावरून एवढं कळलं, की जे झालं ते चुकलेलं नव्हतं. ते तिच्यापेक्षा सोपं आणि देखणं झालं होतं. क्षणभर, अगदी क्षणभर, भाचीचा चेहरा बदलला. “चूक आहे, उतर खाली,” हे शब्द तिच्या ओठावर आलेले मी पाहिले.

मी ते ओळखले, कारण तो चेहरा माझा होता.

सुमारे 30 वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत वक्तृत्वाची तयारी माझ्याकडे असे. भाषणं मीच लिहायचो. पंचक्रोशीत माझा तेवढा लौकिक होता आणि तो मला फार आवडायचा. एका वर्षी खेड्यावरून येणाऱ्या एका मुलाने माझा कागद बाजूला ठेवला आणि वर्गासमोर आपल्या बापाच्या कपाशीविषयी बोलायला सुरुवात केली. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरची कारटीसुद्धा. शेवटी ज्या टाळ्या पडल्या, तशा मला उभ्या जन्मात पडल्या नाहीत. आणि मी काय म्हणालो? “उच्चार अशुद्ध आहेत. ‘पाणी’ म्हणायला शीक आधी. ‘पानी’ नव्हे. ण, ण!” आठवडाभर त्याला ‘ण’ घोटायला लावला. त्यात त्याची जीभ अशी अडखळली की भाषण पार मरून गेलं. जळगावच्या स्पर्धेला मी माझं भाषण पाठ केलेला दुसरा मुलगा नेला. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला होता, मी ‘ण’ मागितला. द्रोणाचार्य निदान स्पष्ट मागून मोकळे झाले. मी शुद्धलेखनाच्या आड उभा होतो. अमळनेरला साने गुरुजींनी सहा वर्षं मास्तरकी केली, त्याच खानदेशात मीही मास्तर म्हणवून घेत होतो.

तर निंबाखाली. भाचीने ओठ मिटले. खाली उभी राहून दोन्ही हात अर्धवट वर धरले, पोरीला न लागतील पण पडली तर झेलतील असे. आणि म्हणाली, “तेच परत कर. तुझंच बरोबर आहे. थांब, मला बघू दे.”

त्या संध्याकाळी मी बहिणीला फोन करून सांगितलं, की मुलीला शिकवता येईल. “तुला कशावरून कळलं?” तिने विचारलं. याला मी काय उत्तर देणार? एरंडेल चोळलेल्या खांबावर कोणी सुरेख फिरलं, तर टाळ्या फिरणाऱ्याला पडतात. तेलाचं नाव कोणी घेत नाही. ज्याला तेल होणं चालेल त्याने शिकवावं, ज्याला खांबावरच राहायचं आहे त्याने खुशाल राहावं, त्यात लाज नाही. वाईट एवढंच, की तेल म्हणवून घ्यायचं आणि आतून खांबावरच बसून राहायचं. मी तसा बरीच वर्षं बसलो होतो. बहिणीला मी एवढंच म्हटलं, “फॉर्मही भरू दे आणि संध्याकाळी शिकवूही दे.” मास्तर माणूस, दोन्हीकडचे मार्क सोडवत नाहीत.

भाची गेल्यावर मी त्या मुलाचा नंबर शोधून काढला. मुलगा कसला, पन्नाशीला टेकलेला शेतकरी. गावोगावच्या सभांत बोलतो, लोक ऐकतात म्हणे. “सर, तुम्ही?” त्याचा आवाज मोठा झाला. मी प्रस्तावना तयार ठेवली होती, ती सगळी विसरलो. म्हटलं, “त्या वर्षी जळगावला तुला न्यायला हवं होतं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. ‘जाऊ द्या सर’ म्हणेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच फोन केला असावा.

“हां सर,” तो म्हणाला. “न्यायला पाहिजे व्हतं.”

पुन्हा शांतता. मग त्यानेच विचारलं, “सर, पानी पडलं का तुमच्याकडे? आमची कपाशी भिजली सगळी.”

“पडलं,” मी म्हणालो. “आमच्याकडेही पानी पडलं.”

दोघांपैकी कोणीही दुरुस्ती केली नाही.