पहिलारू बकरीसाठी

देवा,

मार्गशीर्ष लागला. सेवाग्रामच्या चहूबाजूंनी वावरं पांढरी झाली आहेत, बायका पहाटेपासून कापूस वेचायला जातात, आणि आषाढात पहिल्यांदाच फळलेल्या पाठींचे दिवस नेमके आताच भरत आले आहेत. मी पशुसखी आहे, घरोघरच्या बकऱ्या बघत फिरते. आश्रमात बापूंनी १९३६ साली लावलेल्या पिंपळाजवळ अजूनही रोज सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात, माणसांच्या भल्याचं पुष्कळ मागितलं जातं. आज मला या पहिलारू बकऱ्यांसाठी मागू दे.

तू बकरीला पाच महिने दिलेस, दीडशे दिवसांच्या आत-बाहेर. पहिले तीन महिने तिच्याकडे पाहून फारसं काही कळत नाही. पोटातलं पिल्लू खरं वाढतं ते शेवटच्या दीड-दोन महिन्यांत, आणि पाठ तर अजून स्वतःच वाढीची असते. खाल्लेल्या घासातून तिला आपलंही हाड भरायचं असतं आणि पोटातल्याचंही. म्हणून पहिलं मागणं हेच की, आमची घाई आवर. सात-आठ महिन्यांची पाठ माजावर येते, कळपातला बोकड तिची पाठ सोडत नाही, आणि घरच्यांना वाटतं, लवकर जनली तर लवकर दोन पैसे दिसतील. थोराड बकरीच्या वजनाच्या तीन हिश्श्यांतले दोन तरी तिच्या अंगावर चढेपर्यंत बोकड वेगळा बांधा, हे मी सांगत फिरते. सांगणं सोपं आहे. थांबणं ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांना बळ दे.

शेवटच्या दोन महिन्यांत तिच्या तोंडी चांगलंचुंगलं पडू दे: तुरीचं कुटार, बाभळीच्या शेंगा, निंबाचा पाला, हळूहळू वाढवत पाव किलोपर्यंत भरडा-ढेप. पण मायेपोटी टोपलंच तिच्यापुढे ओतलं जाऊ नये. अरुंद कमरेच्या पहिलारूच्या पोटात पिल्लू अवजड झालं की हाल तिचेच होतात. फवारलेल्या पऱ्हाटीकडे तिचं तोंड वळू देऊ नकोस. कोठ्याच्या दारात जुन्या बकऱ्यांनी तिला शिंगावर घेऊ नये. दिवस भरायच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची लस टोचून होऊ दे, म्हणजे तिचं संरक्षण चिकातून पिल्लाच्या अंगात उतरेल.

आणि तिची वेळ येईल तेव्हा घरात कुणीतरी असू दे. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात, कास ताठ होते, ती कळप सोडून कोपरा धरते. खुराने जमीन उकरते, बसते, उठते, मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत राहते. जुनी बकरी हे सगळं जाणून असते. पहिलारूला आपल्याला काय होतंय तेच समजत नाही. तिचं ओरडणं ऐकून आमचे हात शिवशिवतात. ते हात तू धरून ठेव. आधी पाणमोट, मग पुढचे दोन पाय, त्यांवर टेकलेलं इवलं नाक, असं सरळ येत असेल तर नुसतं शेजारी बसून राहणं आम्हाला जमू दे. पण पाणमोट फुटून तासभर कळा देऊनही काही दिसेना, किंवा एकच पाय आला, नाहीतर शेपटीच आधी दिसली, तर आम्हाला भिडेत ठेवू नकोस. डॉक्टरांचा फोन लागू दे. कस्तुरबा रुग्णालयात पहिलटकरणीसाठी रात्रभर माणसं जागी असतात. या मुक्या पहिलटकरणीसाठी निदान एक कंदील जागा ठेव.

याच आश्रमात बापू कुष्ठ झालेल्या परचुरे शास्त्रींचं अंग स्वतःच्या हातांनी चोळत. चिकट, रक्ताळलेलं करडू फडक्यात घेताना, त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसताना, नाळेला आयोडीन लावताना कुणाला किळस वाटू नये. आणि ही कामं बाईमाणसाचीच म्हणून घरच्या पुरुषांनी दूर उभं राहू नये.

कधी ती आपल्याच पिल्लाला घाबरते, देवा. मागे सरते, हुंगते, पुन्हा मागे सरते. जुळं झालं तर एकाला चाटते आणि दुसऱ्याला लाथ मारते. तेव्हा तिच्यावर उगारलेली काठी तू थांबव. ती दुष्ट नाही, नवी आहे. पिल्लांसह तिला थोड्या जागेत एकटं ठेवलं, करडाच्या अंगावरचा ओलावा तिच्या नाकाला लावला, सडाची पहिली धार काढून सड पिल्लाच्या तोंडात दिला, तर बहुतेक जणी ओळख धरतात. तासाभरात चीक पोटात जाऊ दे. वार आपसूक पडू दे. ती ओढायची दुर्बुद्धी कुणाला देऊ नकोस.

बापूंनी गाईम्हशीचं दूध वर्ज्य केलं होतं. १९१८ च्या दुखण्यानंतर कस्तुरबांनी सुचवलं म्हणून ते बकरीचं दूध घेऊ लागले, आणि आपण व्रताचा शब्द पाळला पण भाव पाळला नाही ही टोचणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. त्या टोचणीतला एक काटा आम्हालाही दे. चरवी घेऊन बसण्याआधी करडाच्या पोटावरून हात फिरावा, ते भरलं आहे की खपाटीला गेलं आहे ते बघितलं जावं.

वेचणी उरकलेल्या वावरांत काठेवाडी माणसं कळप घेऊन उतरतात. त्यांच्या पहिलारू मेंढ्या चालत्या वाटेवर जनतात. कोकराचे पाय सावरेपर्यंत त्यांचा मुक्काम एखाद्या दिवसाने लांबू दे, आणि वावराच्या मालकाला त्यांना हुसकावून लावायची बुद्धी होऊ नये.

शेवटचं मागणं बाजाराचं आहे. गाभण पाठ विकायला काढणारी बाई निर्दय नसते. तिला दुकानदाराचं देणं असतं, पोराची फी भरायची असते. जनलेल्या बकरीला पिल्लं दूध तोडेपर्यंत, तिच्या अंगावर पुन्हा मांस धरेपर्यंत बोकडापासून दूर ठेवायचं, तर तेवढे महिने घर दुसऱ्या पैशावर चालायला हवं. म्हणून तुझ्यापाशी हेही मागते, देवा, की यंदा कापसाला भाव मिळू दे, आणि चुकारा वेळेवर होऊ दे.